उत्तरेच्या भिंतीतली नाकपुडी

चिंगशी गाव, जिन्हुआ
१८ नोव्हेंबर १९९१

युनश्यू,

तुझं पत्र पोचलं. कुनमिंगला म्हणे भर हिवाळ्यात फुलं असतात आणि तू अजून स्वेटर पेटीतून काढलेला नाहीस. ऐकून तुझी वहिनी रुईफन म्हणाली, "वन्संनी तिकडची थोडी ऊब पाकिटात घालून पाठवायची." मी म्हटलं, पाठवेल, पण आधी तिचं वजन करेल, मग तक्ता काढेल.

इकडे कुंड्या हिवाळ्यासाठी ऊबघरात घेऊन झाल्या. चारशे बारा. माझी पाठ आणि रुईफनची पाठ मिळून आता एक धड पाठ होईल. बुद्धहस्त लिंबांना यंदा फळ भरपूर आहे. एकेका झाडावर पाच-सहा सुगंधी हात लोंबताहेत, बोटं पसरलेली, अजून अर्धी हिरवी. चांद्र नव्या वर्षापर्यंत पिवळी झाली, की हांगचौचे लोक ट्रक घेऊन येतील. पण म्हातारी माणसं म्हणतात, थंडी वाईट पडणार. गांधीलमाश्यांनी पोळी जमिनीलगत बांधली आहेत. सत्त्याहत्तर सालच्या थंडीआधी बांधली होती तशीच.

बाबा पंचांगातल्या ‘मोठ्या हिमा’च्या दिवसापासून ऊबघरात खाट टाकणार. ते काही चुकायचं नाही. त्या वर्षी गावातली सगळी झाडं गेली आणि आपली थोरली तेवढी राहिली, कारण ते तिच्या शेजारी झोपले होते. आज आहेत त्या सगळ्या कुंड्या थोरलीच्याच फांद्यांपासून झाल्या आहेत, हे ते मला दर हिवाळ्यात नव्यानं सांगतात. उशाशी पाण्याचा वाडगा. पाण्यावर बर्फाची साय धरली की शेगडीत कोळसा घालायचा. बासष्ट वर्षांचा माणूस रात्रभर वाडग्यात बोट बुडवत बसतो.

आणि ती नाकपुडी! उत्तरेच्या भिंतीत, छपराखाली, दोन तळहातांएवढं भोक. त्यातून वारा शीळ घालत आत येतो. मी म्हटलं, "बाबा, चारी बाजूंनी रजई घ्यायची आणि तंगडी बाहेर ठेवायची, तसं आहे हे. बुजवू या."

"तुझ्या आज्यानं ठेवलंय."

"का ठेवलंय?"

"त्याला विचार."

आता आज्याला विचारायला मी कुठं जाऊ? तू शिकलेली आहेस. थंडीसाठी काय करायचं ते नीट लिही. माझं ते ऐकत नाहीत, तुझं ऐकतील.

दादा ग्वानलिन

*

कुनमिंग
२७ नोव्हेंबर १९९१

दादा,

तू मला विचारलंस याचा किती आनंद झाला, सांगता येत नाही. तू आठवीतून शाळा सोडलीस तेव्हा मी चौथीत होते. माझी फी भरता यावी म्हणून तू कुंड्या उचलायला लागलास. मी शिकले ते चारशे बारा कुंड्यांच्या जोरावर, आणि आजवर त्या कुंड्यांना माझ्या शिक्षणाचा काडीचाही उपयोग झाला नव्हता. म्हणून दोन रात्री बसून सगळं काढलं आहे. सोबत आकृती आहे.

कुंड्या जमिनीवर ठेवू नका. खाली फळ्या घाला, जमिनीतला गारठा मुळांना आधी मारतो. प्रत्येक कुंडीला भाताच्या पेंढ्याचा वेढा द्या. पाणी जवळजवळ बंद, आणि द्यायचंच तर ऊबघरात दिवसभर ठेवलेलं. दक्षिणेच्या खिडक्यांना कागदाऐवजी प्लास्टिकचा कागद, तोही दुहेरी, मध्ये चार बोटं अंतर सोडून. छपरावरच्या चटया संध्याकाळी ऊन असतानाच पसरा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे फटी. दाराच्या, खिडक्यांच्या, कौलांखालच्या, सगळ्या चिखल आणि भुसा कालवून बुजवा. दाराला आतून रजई टांगा.

नाकपुडीचा मी हिशेब केला. रात्रभरात जेवढी ऊब तुम्ही कोळशातून मिळवता, त्यातली एक तृतीयांश त्या एका भोकातून निघून जाते. दादा, आज्यानं ते का ठेवलं ते त्यालाही माहीत नसेल. त्याच्या आज्यानं ठेवलं म्हणून त्यानं ठेवलं. गावाचं असंच असतं. बुजव ते.

एक तापमापक टपालानं पाठवते आहे. म्हणजे बाबांना तिथं झोपायची गरज नाही. संध्याकाळी शेगडी पेटवायची, पारा बघायचा, दार लावून घरी यायचं. बाबांना सांग, थोरलीची राखण आता विज्ञान करील.

युनश्यू

*

चिंगशी
८ डिसेंबर १९९१

युनश्यू,

तुझा हुकूम तामील. फळ्या घातल्या, पेंढा गुंडाळला, प्लास्टिक दुहेरी. वहिनी म्हणते, कुंड्यांना एवढे कपडे घातले, माझ्या माहेरी लग्नात मला नव्हते घातले.

नाकपुडीवरून भांडण होणार असं वाटलं होतं. पण बाबांनी तुझं पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. आकृती उलटी धरून बघितली, सुलटी धरून बघितली. मग शिडी घेतली आणि स्वतः चढून चिखलानं ते बुजवलं. उतरल्यावर म्हणाले, "विद्यापीठात तिनं चार वर्षं काढली. आज्यानं एक दिवस तरी काढला होता का?" तुझं पत्र त्यांनी ऊबघराच्या दाराला भाताच्या खळीनं चिकटवलं आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात. शेजारच्या फांग म्हाताऱ्याला म्हणाले, "हे अक्षर माझ्या मुलीचं." तो म्हणाला, "तुला वाचता येतं का?" हे म्हणाले, "तुला येतं का?" दोघांनाही येत नाही, त्यामुळे विषय मिटला.

एक वाईट झालं. तापमापकाचा पाकिटातच चुरा झाला. पाऱ्याचे दोन थेंब टेबलावर पळत होते, आमची चिमुरडी मान्मान त्यांच्यामागे धावत होती. रुईफननं तिला आधी उचललं. बाबा म्हणाले, "थंडी यायच्या आतच काच मेली. आपला वाडगा मरत नाही." म्हणजे खाट पडलीच. कालपासून ते तिथंच झोपतात.

पण तुझं डोकं खरंच चालतं गं! एका शेगडीत एवढी ऊब मी जन्मात बघितली नव्हती. वाडग्यावर साय सोडाच, पाणी कोमटच राहतं. आणि जो माणूस रात्रीतून पाच वेळा उठायचा, तो आज सकाळी दार ठोठावलं तरी उठेना. उठला तो गाल नव्या नवरीसारखे लाल. डोकं जड झालंय म्हणाले, सुगंध डोक्यात गेलाय म्हणे. दारापाशी थोडे झोकांडले. मी म्हटलं, "बाबा, रात्री तांदळाची दारू किती घेतलीत?" एक चप्पल अंगावर आली. म्हणजे तब्येत ठणठणीत!

दादा

*

कुनमिंग
१६ डिसेंबर १९९१

दादा,

आधी हे कर, मग पुढचं वाच. ऊबघराचं दार उघड. नाकपुडी उघड. बाबांना घरात आण. आज रात्री तिथं कुणीही झोपायचं नाही.

आता सांगते. तुझं पत्र दुपारी आलं. मी थर्मास भरायला वसतिगृहाच्या उकळत्या पाण्याच्या खोलीत गेले होते. तिथं भट्टीवर त्वान काका असतात, त्यांना वाचता येत नाही, मी घरची पत्रं त्यांना वाचून दाखवते. त्यांनाही ते चप्पल प्रकरण आवडेल म्हणून हसत हसत वाचत होते. नवरीसारख्या लाल गालांपाशी आले आणि त्यांनी फावडं खाली ठेवलं.

"डोकं दुखतं म्हणाला?"

"हो, सुगंधानं."

"पाय लटपटतात? उठवलं तरी उठत नाही?"

"काका, ते जरा घेतात कधीकधी…"

"पोरी, ती दारू नाही. तो कोळसा आहे. माझ्याबरोबर तीन जण कामाला होते एका खोलीत. खिडकीला कागद लावला होता, थंडी होती म्हणून. सकाळी मी एकटा उठलो. त्यांचेही गाल असेच होते."

दादा, बंद जागेत कोळसा जळला की एक वायू होतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणसाला झोप येते आणि तो झोपेतच राहतो. मी हे पुस्तकात वाचलं आहे. परीक्षेत लिहिलं आहे, पैकीच्या पैकी गुण मिळाले होते. उत्तरेतल्या शहरांत पोरासोरांना ठाऊक असतं. आपल्याकडे घरंच अशी फटींची, की कुणाला कधी कळायची वेळ आली नाही. त्या फटी मी बुजवल्या. मी हिशेब केला तेव्हा झाडं धरली, कुंड्या धरल्या, भिंती धरल्या. आत श्वास घेणारं माणूस धरलं नाही.

आत्ताच तार केली आहे. हे पत्र मागून येईल. तुझं पत्र आठ तारखेचं आहे, आज सोळा. मधल्या आठ रात्रींचं मला काही माहीत नाही. बाबा ठीक आहेत एवढीच दोन अक्षरं तारेनं कळव.

युनश्यू

*

चिंगशी
१९ डिसेंबर १९९१

युनश्यू,

तुझी तार पोचली. पोस्टमन धापा टाकत आला, तार म्हटल्यावर रुईफन रडायलाच लागली, तिला वाटलं तुझंच काहीतरी झालं. उघडली तर "नाकपुडी उघडा बाबांना घरात झोपवा". एवढ्यासाठी तार!

मला कळलं तुझं काय झालंय ते. तुझं मन मऊ आहे. बाबांना आज्याचा शब्द मोडायला लावला याचं तुला वाईट वाटतंय. मोठ्यांचा मान राखावा म्हणून तू माघार घेते आहेस. घेऊ नकोस. तू पहिल्यांदा लिहिलंस तेच बरोबर होतं. रेडिओवर रोज सांगताहेत, पंचवीसनंतर उत्तरेकडून मोठी लाट येणार, उणे आठपर्यंत पारा उतरेल. आता भोक उघडायचं म्हणजे थोरलीच्या डोक्यावर बर्फ ओतायचं. ही तार मी बाबांना दाखवलेली नाही. खिशात ठेवली आहे. लाट गेली की दाखवीन, तेव्हा हसू.

बाबांना घरात झोपा म्हणून सांगितलं. ते म्हणाले, "घरात काय आहे? इथं ऊब आहे." ते मात्र खरं. हल्ली त्यांना थकवा फार येतो, वय झालं. उलट मी ठरवलंय, लाटेच्या रात्री आम्ही सगळेच तिथं झोपू. घरात मान्मानचे पाय बर्फासारखे होतात, खोकलाही आहे तिला. ऊबघरात आजोबांच्या कुशीत ती पाच मिनिटांत झोपते आणि खोकतसुद्धा नाही. तीन शेगड्या लावणार आहे. तू केलेल्या उबेत सगळं घर मावेल, बघ!

काळजी करू नकोस. तुझा दादा आहे ना.

ग्वानलिन

*

कुनमिंग
२६ डिसेंबर १९९१

दादा,

तुझं एकोणीसचं पत्र आज सकाळी अकराला आलं. आज सव्वीस आहे. तू पंचवीसनंतर म्हणाला होतास.

हे पत्र तुला कधी मिळेल मला माहीत नाही. मिळेल तेव्हा ते निरुपयोगी असेल, तरी लिहिते आहे, कारण नुसतं बसवत नाही. मी आज काय काय केलं ते सांगते. गाव समितीच्या टेलिफोनसाठी दोन तास बसले. ऑपरेटर बाई म्हणाल्या, जिन्हुआपर्यंत लागतो, पुढे बर्फानं तारा तुटल्यात. दुसरी तार केली. यात कारण लिहिलं: कोळशाचा वायू माणूस मारतो. क्लार्कनं घेतली आणि म्हणाला, जाईल तेव्हा जाईल. स्टेशनवर गेले. पूर्वेकडच्या गाड्यांची पाटी उलटी टांगली आहे. मी खिडकीत तरी म्हटलं, एकच तिकीट, उभं राहायचं. आतला माणूस म्हणाला, "ताई, उभं राहायला आधी गाडी लागते."

पहिल्या तारेत मी कारण लिहिलं नव्हतं. आता त्याचाच विचार करते आहे. मला वाटलं, मी सांगते आहे एवढं पुरे. दारावर पत्र चिकटवलं होतं ना तुम्ही माझं. मला वाटलं, मी उघडा म्हटलं की उघडतील.

माझं सोळा तारखेचं पत्र पोचलं असेल का? सात दिवस धरले तर तेवीसला पोचायला हवं. पोचलं असेल तर तू आता हे वाचताना हसत असशील. दादा, तू हस. मला मूर्ख म्हण. भित्री म्हण.

बाबा हल्ली थकतात असं तू लिहिलंस. मान्मान खोकतसुद्धा नाही असं लिहिलंस. त्या दोन ओळी मी त्वान काकांना वाचून दाखवल्या नाहीत.

इथं आज गारठा पडला आहे. वसतिगृहातल्या मुली माझ्या खोलीची खिडकी बंद करायला आल्या. मी त्यांना इतक्या जोरात ओरडले, की त्या रडकुंडीला आल्या.

युनश्यू

*

चिंगशी
३० डिसेंबर १९९१

युनश्यू वन्सं,

आधी सांगते, सगळे जिवंत आहेत. तारांचं काम झालं म्हणे, यांनी आज सकाळी तारही केली आहे. पण तारेत सगळं मावत नाही आणि हे लिहायला बसत नाहीत, म्हणून मी लिहिते. माझं अक्षर वाकडं आहे, सांभाळून घ्या.

बर्फ पंचवीसपासूनच अधूनमधून पडत होतं, पण लाट दोन दिवस उशिरा आली. सत्तावीसला दिवसभर बर्फ पडलं, अठ्ठावीसला आकाश निवळलं, आणि निवळलं की खरी थंडी. संध्याकाळीच नळातलं पाणी दगड झालं. बाबा मान्मानला घेऊन लवकरच ऊबघरात गेले. तीन शेगड्या पेटवल्या होत्या. आम्ही दोघं मागून जाणार होतो. मी भांडी आवरत होते आणि हे पायांना चिंध्या गुंडाळत होते, तेवढ्यात पोस्टमन आला. बर्फात दोन दिवस अडकला होता. तुमचं सोळा तारखेचं पत्र त्याच्या कोटाच्या आत होतं, ओलं.

हे मोठ्यानं वाचायला लागले. नेहमीसारखं तुमची नक्कल करत. "आधी हे कर, मग पुढचं वाच." मला म्हणाले, "बघ, हुकूम आला." मग वाचत वाचत "ती दारू नाही. तो कोळसा आहे" इथपर्यंत आले. पुढचं वाचलंच नाही. एका पायात चिंधी आणि एक पाय उघडा, तसेच बर्फातून धावले.

दाराला आतून रजई, खाली चिखल, ते उघडेना. यांनी लाथ मारून फळी तोडली. मी मागून कंदील घेऊन आले. आत किती छान ऊब होती वन्सं, आणि सुगंध. मला क्षणभर वाटलं, आत यावं आणि बसावं. मान्मान आजोबांच्या कुशीत होती, गाल लाल, बाहुलीसारखी. मी हाक मारली. हात उचलला तर हात पडला.

यांनी तिला माझ्याकडे फेकलंच. मग बाबांना काखेत धरून ओढलं. बाहेर बर्फात दोघांना निजवलं. मग हे परत आत गेले, हातात विळा, आणि प्लास्टिकचा कागद या टोकापासून त्या टोकापर्यंत फाडत सुटले. दोन्ही पदर. मी ओरडले, "आता कशाला? माणसं बाहेर आहेत!" ऐकेनात. फांग म्हाताऱ्यानं कमरेला मिठी मारून बाहेर आणलं. "मीच बंद केलं होतं, मीच बंद केलं होतं," एवढंच म्हणत होते.

मान्मान मला वाटतं एका जेवणाएवढ्या वेळानं ओकली आणि रडली. तिच्या रडण्याचा मला इतका आनंद आयुष्यात कधी झाला नव्हता. बाबांना फांगच्या मुलाच्या ट्रॅक्टरवरून तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. ते दुसऱ्या दिवशी दुपारी बोलले. पहिला प्रश्न, "वाडग्यावर साय धरली का?"

झाडं गेली. सकाळी बघितलं तर पानं उकडल्यासारखी काळी आणि फळं काचेची झाली होती, आरपार दिसत होतं. चारशे बाराही. थोरलीसुद्धा. बाबांना अजून सांगितलेलं नाही.

तुमचे दादा ती तार खिशातून काढतात, बघतात, परत ठेवतात. मला म्हणतात, युनश्यूनं वेळेवर सांगितलं होतं, मी दाबून ठेवलं. इकडे पत्रात तुम्ही म्हणता, मी बुजवायला लावलं. लहानपणी माशाच्या डोक्यावरून भांडायचात म्हणे दोघं, आता दोषावरून भांडा. मला दोघांचा राग आहे. पण आज नको, आज माझी मुलगी जेवली.

डॉक्टर म्हणाले, बाबांवर महिनाभर लक्ष ठेवा, बरं वाटलं तरी मागाहून विसरभोळेपणा येऊ शकतो. तुम्ही घाईनं येऊ नका, गाड्यांचं काही खरं नाही. चांद्र नव्या वर्षाच्या सुट्टीत या.

रुईफन

*

चिंगशी
११ जानेवारी १९९२

युनश्यू,

मी सांगतो आहे, तुझा दादा लिहितो आहे. त्याला बजावलं आहे, स्वतःचं एक अक्षर घालायचं नाही.

तुझी तीन पत्रं आली. तिन्हींत माफी. चौथ्यात पुन्हा माफी आली तर मी ते न ऐकताच चुलीत घालीन. मी चांगला आहे. दोन वाडगे भात खातो. डोकं ठीक आहे. काल फांगनं मला सोंगटीच्या खेळात फसवायचा प्रयत्न केला, माझ्या ते लगेच लक्षात आलं. सूनबाईला मात्र वाटतं मी विसरतो. मला मीठ कुठं असतं ते विसरायला झालं, पण ते मला आधीही माहीत नव्हतं.

माझ्यापासून झाडांचं लपवत होते. मी काय आंधळा आहे? घरी आलो त्याच दिवशी काठी घेऊन गेलो. एकेका झाडाची साल नखानं खरवडली. तपकिरी, तपकिरी, तपकिरी. दोन दिवस लागले. थोरलीपाशी शेवटी गेलो. वरचं सगळं मेलं आहे. पण मातीपासून वीतभर वर खरवडलं तर आत हिरवं आहे. पातळ रेघ आहे, कांद्याच्या पातीसारखी. तुझा दादा म्हणतो तुम्हाला भास होतो. मान्मानला दाखवलं. ती म्हणाली, हिरवं. लहान मूल खोटं कशाला बोलेल?

आता तिला माझ्या खोलीत आणून ठेवलं आहे. चौघांना उचलावी लागली. शेगडी लावत नाही, तू भिऊ नकोस. तू लिहिलं होतंस तसं, खिडकी रात्रंदिवस उघडी ठेवतो. थंडी आहे, म्हणून माझी रजई तिला गुंडाळली आहे. दोन्ही रजया. मी कोटावर कोट घालतो. छातीत जरा घरघर आहे, ती दर हिवाळ्यात असते.

आता पुढे काय करायचं? कापायचं का? पाणी द्यायचं का? कधी? तू नीट सगळं लिही. तू सांगशील तसंच करीन. तुझं दारावरचं पत्र दारासकट मोडलं, त्याचे तुकडे जपून ठेवलेत, पण त्यात हे नाही.

बाबा

*

कुनमिंग
२२ जानेवारी १९९२

बाबा,

तुमचं पत्र आलं त्याला चार दिवस झाले. उत्तर त्याच रात्री लिहिलं होतं. पोस्टाच्या पेटीपाशी तीन वेळा गेले आणि तीन वेळा परत आले. माझा हात त्या फटीत जात नाही.

"तू सांगशील तसंच करीन" हे वाक्य मला रात्री झोपू देत नाही. तुम्ही खरंच तसंच करता. मी खिडकी उघडी ठेवा म्हटलं, तुम्ही उणे चार अंशांत उघडी ठेवून रजईशिवाय झोपता. छातीत घरघर आहे आणि तुम्ही ती अर्ध्या ओळीत लिहिता. मी आता काहीही लिहिलं तरी त्यात तुम्ही कुठं असाल, काय पांघरलेलं असेल, ते मला इथून दिसत नाही.

तरी लिहिते. खोलीत शेगडी नको, हे बरोबर. पण खिडकी बंद करा आणि दोन्ही रजया अंगावर घ्या. थोरलीला रजई लागत नाही. वरची मेलेली फांदी आहे तशीच राहू द्या, कापू नका. हिरवं कुठवर आहे ते झाडालाही अजून ठरवता आलेलं नाही. एप्रिलमधला छिंगमिंगचा सण झाल्यावर बघू. बुंध्याला वीतभर उंचीपर्यंत कोरडा पेंढा सैल घाला, वरून पोतं. पाणी नाही. आणखी खरवडू नका, हिरवं आहे का हे रोज बघितलं तर ते उरणार नाही. दादाला सांगा, डॉक्टरांकडे छाती दाखवायची, उद्याच.

ही यादी मी त्वान काकांना वाचून दाखवली. त्यांना म्हटलं, "काका, यातून माणूस कसा मरू शकेल ते शोधा." ते हसले नाहीत. तीन वेळा वाचायला लावलं. पेंढ्याजवळ दिवा ठेवतात का, विचारलं. मी ते घातलं: दिवा लांब ठेवा. पोतं ओलं तर नाही ना, विचारलं. तेही घातलं: कोरडं पोतं. मग भट्टीत कोळसा लोटायला लागले.

"झाड काय पांघरणार ते लिहिलंस. म्हातारा काय पांघरणार ते लिहिलंस," ते म्हणाले. "झाड थंडीत उघडं आहे असं वाटलं की म्हातारा मध्यरात्री उठून रजई परत झाडाला घालणार. ते कुठं लिहिलंस?"

मी ते लिहू शकले नाही, बाबा. अजूनही लिहू शकत नाही.

गाड्या सुरू झाल्या आहेत. नव्या वर्षाची सुट्टी एकतीसला लागते, पण मी कचेरीत साहेबांच्या टेबलासमोर उभी राहून उद्यापासूनची मागितली. त्यांनी कारण विचारलं. म्हटलं, एक पत्र पोचवायचं आहे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि सही केली. तिकीट उभ्याचं आहे, तीन दिवस.

म्हणून हे टपालात टाकत नाही. स्वेटरच्या आत ठेवलं आहे. दादा तुम्हाला वाचून दाखवील तेव्हा मी खोलीत असेन. रजई तुमच्या अंगावर आहे का ते बघेन, आणि रात्री तुम्ही उठलात तर मला ऐकू येईल अशी दाराशी झोपेन.

युनश्यू